साठ दख्खनी मेंढरांत कुठला मेंढा सोडावा? (आबा म्हणतात कुठलाच नको)

माणदेशी_पोरगं

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिलंय, चहा घेऊनच बसा.

आमची घरची साठेक मेंढरं आहेत, सगळी काळी दख्खनी, लोणंदी वाणाची. आबा आणि चुलता सांभाळतात. दिवाळी झाली की वाडा (मेंढरं आणि सगळं बिऱ्हाड) निघतो कराड-पाटणकडं, एखाद्या साली घाट उतरून पार चिपळूणपर्यंत, आणि मृग लागला की माघारी माणात. मी सहा वर्षं पुण्यात कंपनीत होतो, आता वर्ष झालं घरी आलोय. आल्या आल्या पहिलं काम केलं ते वहीत मांडायचं, कारण आबांचा सगळा हिशेब डोक्यात आणि तो दर वेळी थोडा बदलतो.

तर मागच्या सालात साठ मेंढ्यांना ५४ कोकरं झाली. जुळी फक्त दोन मेंढ्यांना. त्यातली विकायला उरली ४६. चार महिन्यांचं कोकरू सरासरी साडेसहा हजाराला गेलं. लोकर कातरायला जेवढी मजुरी दिली तेवढेही लोकरीचे आले नाहीत, ते सोडूनच द्या.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक तर माडग्याळ मेंढा सोडायचा म्हणजे कोकरं मोठी निपजतील. नाहीतर फलटणचा सुवर्णा मेंढा आणायचा म्हणजे पुढं जुळी होतील. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "मेंढरू चाललं पायजे. बाकी समदं मागनं." आणि तंबाखू मळत बसले. विषय संपला.

कुणी प्रत्यक्ष केलंय का? यूट्यूबवर सगळेच लखपती दिसतात, मला तोटा झालेल्यांचं ऐकायचंय.

मटणप्रेमी

मला मेंढरातलं फक्त पांढरा आणि तांबडा रस्सा कळतो, पण धागा भारी आहे. जागा धरून बसलोय.

जतचा_पाव्हणा

भावा डोळे झाकून माडग्याळ. आमच्या जत तालुक्यातलं गाव आहे माडग्याळ, त्यावरनं नाव. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं नाक, उंच टांग. खुराक नीट असला तर तीन महिन्यांत वीस किलोच्या पुढं जातं कोकरू, तुमचं काळं तेवढ्यात बारा-तेरावर अडकतं. आणि आमच्या जनावराला बाजारात बघायला गर्दी होते. आटपाडीच्या बाजारात २०२० साली एका मेंढ्याला सत्तर लाखाची मागणी आली होती ते विसरलात का? मालकानं दिला नाही.

बिनकामाचा_इंजिनीअर

सत्तर लाख!! आणि मी इथं पाच टक्के इन्क्रिमेंटसाठी भांडतोय. मालकानं दिला नाही म्हणजे मेंढ्यापेक्षा मालकाचंच काळीज मोठं.

वाघर_आणि_काठी

जतचे पाव्हणे, सत्तर लाखाचा मेंढा वेगळा आणि साठ मेंढरांचा वाडा वेगळा. तो मेंढा सावलीत बसून दूध, अंडी, सरकी खातो आणि पेपरात फोटो येतो. आमचं मेंढरू दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतं आणि उसाच्या बांधाला जे मिळेल ते खातं.

मी केलाय माडग्याळचा प्रयोग, तीन वर्षं. पहिल्या सालात कोकरं बघून गाव जमा झालं हे खरं, चितकबरी, लांब पायाची, दिसायला राजबिंडी. पण पहिलारू मेंढ्या बारक्या होत्या, अठ्ठावीस-तीस किलोच्या. चार मेंढ्यांना कोकराचं डोकं अडकलं, रात्री रानात, डॉक्टर कुठला यायला. दोन मेंढ्या गेल्या. तेव्हा माडग्याळ सोडायचाच असला तर दोन-तीन वेतं झालेल्या मोठ्या मेंढ्यांवर सोड, पाटीवर म्हणजे पहिलारूवर नको.

दुसरं म्हणजे त्याच्या माद्या मी कळपात ठेवल्या ती घोडचूक. उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं, खुराक नसला की अंगानं उतरतात आणि मग वेळेवर फळत नाहीत. नर विकायला उत्तम. मादी ठेवायला नाही. माझा अनुभव, पटला तर घ्या.

जतचा_पाव्हणा

खायला घालायचं नाही आणि वाणाला नावं ठेवायची. असो.

निवृत्त_ढोरडॉक्टर

मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखनाला हसू नये.

धागाकर्त्यानं एक गोष्ट आधी मनात वेगळी करावी. माडग्याळ आणि सुवर्णा ही एकाच दुखण्यावरची दोन औषधं नाहीत. माडग्याळचा फायदा जन्मलेल्या कोकरातच दिसतो, वाढ जास्त. सुवर्णा मेंढ्याचा फायदा त्याच्या कोकरात दिसतच नाही, दिसतो तो त्याच्या लेकींना कोकरं होतील तेव्हा. जुलैत मेंढा सोडला तर पाच महिन्यांनी डिसेंबरात कोकरं, त्यातल्या माद्या वर्ष-सव्वा वर्षाच्या होऊन फळणार, पुन्हा पाच महिने. म्हणजे पहिलं जुळं बघायला दोन वर्षं धरा. मधल्या काळात लोक म्हणणार, "काय फरक पडला?" आणि मेंढा खाटकाला जाणार. मी असे दोन मेंढे जाताना बघितलेत.

आता हे जुळ्याचं आलं कुठून ते सांगतो, कारण गोष्टच तशी आहे. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची मेंढी असते. दहा-बारा किलोची, आपल्या शेळीच्या करडाएवढी दिसते, गुडघाभर दलदलीत चरते आणि सर्रास दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजातून मेंढरं ऑस्ट्रेलियात गेली, त्यांचं रक्त तिकडच्या मेरिनोत उतरलं. दीडशे वर्षांनी तिकडच्या बूरूला नावाच्या एका फार्मवर खूप कोकरं देणाऱ्या मेरिनो मेंढ्या सापडल्या. आधी कुणाला समजेना हे काय आहे. शेवटी २००१ साली नेमकं जनुक हाती लागलं, त्याला फेक-बी म्हणतात, आणि ते गारोलमध्येही तेच निघालं.

फलटणच्या निंबकर संस्थेत, म्हणजे 'नारी'त, बॉन निंबकरांनी १९९० च्या दशकात गारोल मेंढ्या आणल्या. पुढं डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या लोकांनी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि ऑस्ट्रेलियन संस्थांबरोबर ते जनुक दख्खनीत उतरवलं. नुसता गारोल मेंढा दख्खनीवर सोडला तर कोकरं बारकी होतात, मग मटण कुठलं? म्हणून प्रत्येक पिढीत जनुक असलेलं जनावर निवडायचं आणि ते पुन्हा दख्खनीशी लावायचं. असं करत गारोलचं बारकेपण मागं पडलं आणि जनुक तेवढं राहिलं. मध्ये बन्नूर जातीचं रक्त आहे, नंतर इस्रायलच्या अवासी जातीचंही मिसळलं. ही सुवर्णा.

साधी दख्खनी शंभर वेतांत तीन-चार जुळी देते. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी साधारण निम्म्या वेतांना जुळं देते. दोन प्रती असल्या तर त्याहून जास्त, कधी तिळी. पण चालत्या वाड्याला एकच प्रत बरी. दोन प्रतीवाल्या मेंढीची कोकरं बारकी आणि अशक्त निघतात, मरतूक वाढते.

बिनकामाचा_इंजिनीअर

डॉक्टर, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली. एक शंका. मेंढ्याकडं बघून कळतं का त्याच्यात जनुक आहे की नाही?

निवृत्त_ढोरडॉक्टर

अजिबात नाही. रंग, शिंग, अंडकोश, कशावरूनच नाही. रक्ताचा थेंब तपासूनच कळतं. दोन प्रतीवाला मेंढा साध्या दख्खनीवर सोडला तर प्रत्येक कोकरात एक प्रत येते, तपासायची गरजच नाही. एकच प्रतीवाला मेंढा असेल तर निम्म्या कोकरांत येते, निम्म्यांत नाही, आणि कुठल्या निम्म्यांत ते देव जाणे. म्हणून मेंढा घेताना "डबल आहे का सिंगल" हे विचारायचं आणि तपासणीचा कागद मागायचा.

गंडलेला_गडी

कागद मागायचा हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर. एका व्यापाऱ्याकडनं "फलटणचा सुवर्णा" म्हणून मेंढा घेतला, पस्तीस हजार मोजले. कानात बिल्ला होता, तो बघून मी खूश. दोन वर्षं सांभाळला, लेकी वाढवल्या, सतरा माद्या व्याल्या आणि जुळी किती? एक. ती एक मेंढी पण माझ्या आजोबांपासून जुळं देणाऱ्या घराण्यातली होती. बिल्ला विम्याचा निघाला. :(

बायको अजून मला "डबल" म्हणून हाक मारते.

मटणप्रेमी

हाहाहा. डबलराव, दुःखात सहभागी आहे.

सुनीता_रानातली

एवढे सगळे दादा लोक बोलताहेत म्हणून मी पण लिहिते. जुळी झाली म्हणजे काम कुणाचं वाढलं ते कुणी विचारलं का?

आमचा पण वाडा असतो. पुरुष माणूस सकाळी मेंढरं घेऊन रानात जातो. मागं तळावर कोकरं कुणाकडं? आमच्याकडं. तळ हलला की घोड्यावर सामान, त्यावर कोंबड्या, त्यावर चार दिवसांची कोकरं जाळीत घालून आम्हीच चालवतो. संध्याकाळी मेंढरं आली की कुठलं कोकरू कुठल्या आईचं हे ओळखून पाजायला लावायचं. एक असलं तर ते धावत जातं. दोन असली की दांडगं दोन्ही सड ओढतं आणि बारकं मागं राहतं, त्याला धरून पाजावं लागतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी थंड पडलेलं सापडतं. साठातली तीस जुळी म्हणजे साठ कोकरं आणि घोडं एकच. आधी घरात आईला विचारा, मग इथं विचारा.

राग नाही दादा, पण खरं आहे.

माणदेशी_पोरगं

सुनीताताई, तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "ही बाई कुठली? तिला जेवायला बोलव."

वाघर_आणि_काठी

ताईंचा प्रतिसाद सगळ्यात भारी. बाकी आपण सगळे इथं मेंढ्यावर बोलतोय, मेंढीवर कुणीच नाही.

कीवीमामा

मी मूळचा बारामतीकडचा, बावीस वर्षं न्यूझीलंडला आहे, शेजारचा शेतकरी दोन हजार मेंढ्यांचा. इकडं हे कसं करतात ते सांगतो, उपयोग झाला तर बघा.

इकडं कळपाचे दोन भाग समजतात. ज्या मेंढ्यांच्या माद्या पुढं ठेवायच्या त्यांच्यावर आईपणाचा मेंढा. म्हणजे जुळी, दूध, पाय मजबूत हे बघून निवडलेला, रोमनी किंवा कूपवर्थ असला काहीतरी. कूपवर्थ ही पण संकरातूनच केलेली जात, बॉर्डर लेस्टर आणि रोमनीची. उरलेल्या मेंढ्यांवर मटणाचा मेंढा, सफोक, टेक्सेल वगैरे, आणि त्याचं प्रत्येक कोकरू विकायचं. नर असो की मादी, एकही कळपात ठेवायचं नाही. वाघर_आणि_काठी यांनी माडग्याळच्या माद्या ठेवून जी चूक केली ती इकडं मुद्दाम टाळतात.

दुसरं, गाभण मेंढ्यांचं स्कॅनिंग होतं. माणूस यंत्र घेऊन येतो, पोटात एक आहे की दोन की तीन बघतो आणि पाठीवर रंगाची खूण मारतो. दोनवाल्यांना चांगलं कुरण, एकवालीला साधं. जुळं ही लॉटरी नाही हो, जुळ्याला आधीपासून वेगळं खायला घालावं लागतं. शेवटचे सहा आठवडे महत्त्वाचे, पोटातलं कोकरू बहुतेक तेव्हाच वाढतं.

जतचा_पाव्हणा

मामा, तिकडं कुंपण घातलेलं कुरण. इकडं कुरण म्हणजे उसवाला काठी घेऊन मागं आणि वनखात्याचा माणूस पुढं.

कीवीमामा

ते मान्य आहे. पण दोन मेंढे दोन कामाला हे तर कुंपणाशिवाय पण जमेल ना? एकाला पोटाखाली गोणपाट बांधायचं, दुसऱ्याला मोकळं सोडायचं, माझे आजोबा करायचे.

आज्जीचं_घोंगडं

तुम्ही सगळे किलोकिलोत बोलताय, मला एकच विचारायचंय. काळी लोकर जाणार त्याचं काय? माडग्याळ पांढरं, त्याला लोकर म्हणजे नावाला. आंध्राकडचं नेल्लोर आणि कर्नाटकातलं लाल केंगुरी आणतात त्यांना तर केसच, लोकर नाहीच. आमच्याकडं घोंगडं विणणारे सनगर आता दोन घरं उरलेत, त्यांना काळी लोकर मिळत नाही म्हणून ते पण मिलचं सूत मिसळतात. बिरोबाच्या जत्रेला खांद्यावर काय टाकणार, टर्किशचा टॉवेल?

गंडलेला_गडी

आज्जी भावना समजते, पण लोकरीला किलोला जेवढे मिळतात तेवढ्यात वडापाव येत नाही. कातरणीची मजुरी वेगळी.

आज्जीचं_घोंगडं

मी आज्जी नाही, आज्जीचं घोंगडं आहे. वय ३१, पुरुष.

निवृत्त_ढोरडॉक्टर

लोकरीवरून आठवलं. संकराचा पहिला मोठा खेळ आपल्याकडं लोकरीसाठीच झाला. सत्तरच्या दशकात मेरिनो, रॅम्बुले, कॉरिडेल, डॉर्सेट असे परदेशी मेंढे आणून दख्खनीशी लावले, राहुरीच्या विद्यापीठात पण त्यावर बरीच वर्षं काम झालं. लोकर मऊ निघाली हे खरं. पण त्या लोकरीला वेगळा भाव देणारं गिऱ्हाईकच नव्हतं, आणि मऊ लोकरीचं घोंगडं पाऊस अडवत नाही! दख्खनीची राठ लोकर पाणी झटकते. शिवाय परदेशी रक्त जास्त झालं की उन्हात धापा, काट्यात लोकर अडकते आणि निळी जीभ हा रोग. भारतातली निळ्या जिभेची पहिली नोंदच १९६४ साली आपल्या महाराष्ट्रातली. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा संकरित मेंढ्या सुजलेल्या तोंडानं तोंडातून फेस गाळत बसलेल्या बघितल्यात, आणि शेजारी गावठी काळी मेंढरं निवांत रवंथ करत होती.

म्हणून धागाकर्त्याचे आबा "चाललं पायजे" म्हणतात तो अडाणीपणा नाही. त्या पिढीनं हे बघितलंय.

शुद्ध_वाण

अगदी बरोबर, म्हणूनच संकर बंद करा. दख्खनी ही आपली शुद्ध जात आहे, ती टिकवा. सुवर्णा, माडग्याळ, नेल्लोर सगळं भेसळ.

निवृत्त_ढोरडॉक्टर

शुद्ध म्हणजे काय हो? लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे दख्खनीचेच चार प्रकार मानतात, आणि वाडे फिरताना एकमेकांत मेंढे देवाणघेवाण करत आलेत. सुवर्णातही मूळ अंग दख्खनीचंच, काळी लोकर पण बऱ्याच जणींना असते. मला वाटतं जपायचं ते काटकपण. ते कुठल्या संकरात जातं आणि कुठल्यात राहतं एवढंच बघा. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनं गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी मिळून 'अविशान' केली, त्यात गारोलचा वाटा आठवा हिस्सा फक्त, पण जुळी होतात.

शुद्ध_वाण

असहमत.

निवृत्त_ढोरडॉक्टर

चालेल.

हिशेबनीस

भावनेला बाजूला ठेवून आकडे मांडतो. तीस मेंढ्या धरू.

साध्या दख्खनी: ३० मेंढ्या, ३१ कोकरं, तीन दगावली, २८ विकली. साडेसहा हजारानं १ लाख ८२ हजार.

एक प्रतवाल्या: १५ ना एकेक, १५ ना जुळं. एकट्यांतली १४ जगली, जुळ्यांच्या तीसांतली २२. जुळ्यातलं कोकरू बारकं असतं, साडेपाच हजार धरा. १४ × ६५०० = ९१ हजार, २२ × ५५०० = १ लाख २१ हजार. एकूण २ लाख १२ हजार.

फरक तीस हजार. त्यातून जुळंवाल्या १५ मेंढ्यांना शेवटचा दीड महिना आणि व्याल्यावर महिनाभर असं ७५ दिवस रोज तीनशे ग्रॅम खुराक, म्हणजे ३३७ किलो, तीस रुपयांनी दहा हजार. हातात उरले वीस हजार.

वीस हजार वाईट नाहीत, पण यूट्यूबवर "उत्पन्न दुप्पट" म्हणतात ते हे नव्हे.

सुनीता_रानातली

हिशेबनीस दादा, माझी मजुरी कुठल्या ओळीत आहे?

हिशेबनीस

ताई... ती ओळच राहिली. दिवसाला दोन तास धरले तरी वीसातले बरेच जातील.

फलटणच्या_उत्तरेला

उशिरा आलो. माझ्याकडं सुवर्णा रक्ताच्या मेंढ्या आठ वर्षं आहेत, आता चाळीसपैकी बावीस. माझा तळ फिरता नाही, अर्धवट आहे, चार महिने बाहेर.

हिशेबनीसांचा हिशेब बरोबर आहे पण त्यात एक गोष्ट उलटी मांडायला हवी. तुम्ही तीस मेंढ्या तशाच ठेवून कोकरं जास्त मोजलीत. मी कोकरं तेवढीच ठेवली आणि मेंढ्या कमी केल्या. आधी माझ्या साठ होत्या, आता चाळीस, विकायला कोकरं जवळपास तेवढीच. आमच्याकडं माळ होता तिथं आता सोलरचं कुंपण पडलंय, उरल्या रानात ऊस. साठ तोंडं न्यायला जागाच नाही. रात्री राखायला कमी, लसीला कमी, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी मेंढीमागे मोजूनच लागतात. माझ्या लेखी सुवर्णाचा फायदा हा.

आणि अनुभवाचं थोडं: जुळं झालं की पहिला तासभर मेंढीला जागेवरून हलवू नका, दोन्ही कोकरं चाटू द्या. वाडा हलवायच्या दिवशी व्यालेली मेंढी एकाला विसरून दुसऱ्याच्या मागं निघून जाते, माझी पहिल्या सालातली मरतूक सगळी त्यातली. आणि मेंढा दोन वर्षांनी बदला, नाहीतर लेकींवरच पडतो.

वाघर_आणि_काठी

मेंढ्या कमी करायचा मुद्दा पटतो पण एक अडचण आहे बघा. शेतात मेंढरं बसवायचे पैसे, धान्य डोक्यावर मिळतं. साठ मेंढरं रात्रभर बसली की शेतकरी बोलावून घेतो, चाळीसला म्हणतो "आणखी एक वाडा जोडून या." खताचं उत्पन्न कोकरांच्या हिशेबात कुणी धरलंच नाही.

हिशेबनीस

मी आता हिशेब मांडायचा बंद करतो. तुम्ही धनगर लोक सीएला पण रडवाल.

बिनकामाचा_इंजिनीअर

अवांतर: महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा ७५ टक्के अनुदानावर मिळतो ना? मी नोकरी सोडून घेऊ का?

वाघर_आणि_काठी

ती भटक्या जमातीतल्या धनगरांसाठी आहे भाऊ. आणि तुम्ही वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवतीची जाळी, बांधाल का? आधी एक रात्र पावसात वाघरीच्या कडेला झोपून बघा, मग अर्ज.

कीवीमामा

धागाकर्ते कुठं गेले? पुढं काय ठरलं?

माणदेशी_पोरगं

आहे आहे, कातरणी चालू होती. सगळं वाचत होतो.

आबांना सगळं एकदम सांगितलं नाही. आधी फक्त फलटणच्या दादांचं सांगितलं, की मेंढ्या कमी करून कोकरं तेवढीच. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पंचेचाळीस घेऊन गेलो तर पाटणचा मालक बसवून घील का?" म्हणजे वाघरवाल्या दादांचीच शंका. मी म्हटलं चुलत्याचे पंधरा वेगळे काढायचेच आहेत, बसवताना एकत्र बसवू. तेव्हा हुं म्हणाले.

मग उठले आणि कळपात शिरले. मला वाटलं दात बघतील, अंग बघतील. तसं काही नाही. एकेक मेंढी धरून कास दाबून बघितली, आणि मला सांगत गेले, हिच्या आईला दोन झाली होती तेव्हा दोन्ही जगली, ही दुसरीच्या कोकराला पण पाजते, हिला घेऊ नको ही लाथ मारते. पंधरा मेंढ्या काढल्या आणि कपाळावर गेरूचा पट्टा ओढला. वहीत मी जे वर्षभर लिहिलं त्यातलं यातलं काहीच नव्हतं.

तर ठरलं असं. या पंधरांवर सुवर्णा मेंढा, दोन प्रतीवाला, कागद बघून, संस्थेतूनच. बाकीच्यांवर आबांचा घरचा काळा मेंढा. माडग्याळला आबांनी नाही म्हणून सांगितलं, "पाणी लई पितंय", जतच्या पाव्हण्यांनी राग मानू नये.

आईची अट वेगळी आहे. दोन वर्षांनी जुळी झाली की मागं राहिलेल्या कोकराला बाटली मीच पाजायची. पुण्याला जायचं नाव काढायचं नाही.

जतचा_पाव्हणा

राग नाही. पण एकदा घरी या, मेंढा दाखवतो. नुसता बघायला.

सुनीता_रानातली

आईंना नमस्कार सांगा. आणि दादा, बाटलीत गाईचं दूध नुसतं देऊ नका, मेंढीच्या मानानं लई पातळ पडतं, कोकरू पोट भरून पण वाळतं. तळावर एक दुभती शेळी ठेवा, कोकरू सरळ तिलाच लावायचं, बाटली धुवायची कटकट नाही.

माणदेशी_पोरगं

शेळी आहे ताई एक. आबांनी तिच्या पण कपाळावर पट्टा ओढून ठेवलाय.